मदत हवी आहे: ड्युएथलॉनच्या दुसऱ्या धावेत पोटऱ्यांत गोळे

लाल पंप (धागाकर्ता)

स्टँडर्ड ड्युएथलॉन: १० किमी धाव, ४० किमी सायकल, ५ किमी धाव. दुसऱ्या धावेत दीड किमीच्या आसपास पोटऱ्यांत गोळे येतात. आधी उजवीत, मग डावीत. शर्यतीचे आकडे:

पहिली धाव ५१ मिनिटं (नुसते १० किमी पळायचे असतील तर ५०).
सायकल १० किमीच्या चार सपाट फेऱ्या: १८:३०, १९:३०, २०:३०, २१:३०. सरासरी केडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) ७४.
टी-२ मध्ये (सायकल ठेवून पळायला निघेपर्यंत) ३:४०.
दुसरी धाव ३२ मिनिटं. ताज्या पायांनी ५ किमी २४ मिनिटांत होतात.
प्यायलो ५०० मिली साधं पाणी. खाल्लं काही नाही. सराव आठवड्यात तीनदा पळणं, दोनदा सायकल, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी.

पुढची शर्यत आठ आठवड्यांवर आहे. मिठाच्या गोळ्या घ्याव्यात, की सायकलचं सेटिंग बघावं?

उलटा वारा

गोळ्या नंतर. आधी पहिली धाव बघा. जिच्यात ५० मिनिटं हा तुमचा कस आहे ती ५१ मध्ये काढलीत, म्हणजे ४० किमी सायकल समोर असताना १० किमीची वेगळीच शर्यत मारून मोकळे झालात. त्याचं बिल सायकलच्या फेऱ्यांत दिसतंय, दर फेरीला बरोबर एक मिनिट जास्त.

पहिली धाव किमीला ५:२० ते ५:२५ ने करा. ५३ ते ५४ मिनिटं होतील. तीन मिनिटं गेली असं वाटेल, पण चारही फेऱ्या १९:३० च्या आसपास राहिल्या तर सायकलवरच दोन मिनिटं परत येतात, आणि दुसरी धाव २७-२८ मध्ये झाली तर आणखी चार. पहिले दोन किमी लोक पुढे जातात तेव्हा मागे राहणं जिवावर येतं, हे खरं. घड्याळावर पेसची वरची मर्यादा लावून ठेवा आणि ते वाजलं की ऐका.

चेनरिंग ३४

केडन्स ७४ हे मला जास्त खटकलं. तेवढेच वॅट ७४ ऐवजी ८८ ने काढलेत तर पॅडलच्या प्रत्येक फेरीतला जोर साधारण १६ टक्क्यांनी कमी होतो. दम थोडा जास्त लागेल, पण पाय वाचतील, आणि पुढे पळायचं पायांनीच आहे. मागचं एक दात मोठं चाक वापरा, सपाटीवर ८५-९० धरा. वळणानंतर उभं राहून झटका मारायची सवय असेल तर ती आधी मोडा. असे वीस झटके पोटरीच्या खात्यावर जमा होतात.

शेवटच्या दीड-दोन किमीत गिअर हलका करून ९५ पर्यंत न्या. एकेक टाच खाली दाबून पोटरी ताणून घ्या. मात्र एक सावधगिरी: वेगाने फिरलेले पाय उतरल्यावरही तसेच पडतात, त्यामुळे पहिला किमी नकळत जोरात जातो. तो मुद्दाम १५ सेकंद हळू काढा.

खारा घाम

मिठाला इतकं उडवून लावू नका. पावणेतीन तासांत अर्धा लिटर साधं पाणी आणि अन्न शून्य, हे थेट चुकतंय.

उलटा वारा

पाणी-अन्न कमी पडलं, मान्य. पण मीठ कमी पडून आलेला गोळा ठरावीक स्नायूच का पकडेल? सरावापेक्षा जास्त राबवलेला स्नायू थकतो, त्याला आवरणारा मज्जातंतूंचा तोल ढळतो आणि तो आखडतो. म्हणून गोळा आला की थांबून तो स्नायू ताणल्यावर सुटतो. गोळी गिळून लगेच सुटत नाही.

खारा घाम

स्नायू थकायला रिकामी टाकीही कारण असतेच, त्यामुळे भांडण नको. करायचं ते असं: सायकलवर ७५० मिलीची बाटली, त्यात ६० ग्रॅम कर्बोदकं आणि सुमारे अर्धा ग्रॅम सोडियम. विकतची पावडर असेल तर पाकिटावर 'सोडियम' बघा, 'मीठ' नव्हे. अर्धा ग्रॅम सोडियम म्हणजे जवळपास सव्वा ग्रॅम मीठ. दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट. शेवटच्या दहा मिनिटांत बाटलीला हात लावू नका, नाहीतर पळताना पोटात डुचमळतं. आधी सरावात चार-पाच वेळा पिऊन बघा.

दोन नंबरचा रॅक

टी-२ ला ३:४० म्हणजे फार झाले. इलॅस्टिक लेस बसवा, नंबर बेल्टवर लावा. क्रम ठरलेला: सायकल रॅकला, मग हेल्मेट, मग शूज. बेल्ट पुढे फिरवणं आणि टोपी घालणं पळता पळता. सायकल रॅकवर जाईपर्यंत हेल्मेटच्या बकलला हात लावू नका, त्यावर दंड लागतो. बसून लेस बांधू नका. सायकलवरून उतरल्या उतरल्या उकिडवं बसलं की पोटरी तिथेच आखडते.

चेनरिंग ३४

उजवीत आधी येतो याचं उत्तर अजून राहिलंय. बूट उलटे करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि बुटाच्या टोकापासून क्लीटच्या (तळाला लावलेली, पॅडलमध्ये अडकणारी पट्टी) पुढच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही आकडे टाका. सीटचंही बघा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. त्यासाठी कंबर एका बाजूला झुकत असेल तर सीट उंच आहे. मग बोटं खाली करून पॅडल मारलं जातं आणि पोटरी पूर्ण ४० किमी ताठ राहते.

लाल पंप

मोजलं. डावी ७१ मिमी, उजवी ६७. सीटच्या चाचणीत टाच टेकते, कंबर झुकत नाही.

चेनरिंग ३४

मग सीट ठीक. उजवी क्लीट ४ मिमी पुढे आहे, म्हणजे तो पाय पंजाच्या टोकावर जोर देतोय आणि पोटरीला लांब तरफ पेलावी लागतेय. उजवी क्लीट डावीच्या बरोबरीला आणा. आधी मार्करने जुन्या जागेची रेघ मारा. स्क्रू काढून ग्रीसचा ठिपका लावा, क्लीट सरळ मागे सरकवा, कोन बदलू देऊ नका. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, शेवटी ५ ते ६ न्यूटन-मीटर. दोन आठवडे बाकी काही हलवू नका. गुडघ्याच्या मागे ओढ जाणवली तर सीट १ मिमी खाली, त्याहून जास्त नाही.

उलटा वारा

आणि आठवड्याला एक ब्रिक, म्हणजे धाव आणि सायकल लागोपाठ एकाच सरावात. ३ किमी धाव, १५ किमी सायकल, २ किमी धाव, तिन्ही शर्यतीच्या पेसने. तिसऱ्या आठवड्यापासून सायकल २५ किमी. शेवटची ब्रिक शर्यतीच्या दहा दिवस आधी. सोबत एका पायावर टाच उचलणं, आठवड्यातून दोनदा, १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तीन वाकवून. वाकवलेला सेट टाळू नका, पळताना खालच्या आतल्या स्नायूवर भार येतो आणि तो तेव्हाच कामाला लागतो.

लाल पंप

क्लीट आज सरकवली. ब्रिकचा पहिला दिवस रविवारी, आकडे इथेच टाकतो.