'परदेशी भांगरो'ला मराठीत काय म्हणावं?

वाडीकर: मंडळी, अडलेय. बडोद्यातल्या एका शाळेच्या बागेसाठी गुजराती पाट्यांचं मराठी करतेय. भांगरो म्हणजे माका, म्हणून 'परदेशी माका' लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा दगडीपाला! कापलं की चोळून लावतात तो." काय लिहू?

दांडियाबाजार: सासूबाई बरोबर. माक्याला ओल लागते, हा कोरड्या मुरमातही येतो. खरखरीत पानं, वीतभर उंच एकच दांडी, टोकाला पिवळं फूल, कडेला फिकट पाकळ्या, प्रत्येकीला तीन दाते. शास्त्रीय नाव 'ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स'. 'एकदांडी' लिहा.

मुंजाबा: दगडी का पण? रक्त दगडासारखं थिजवतो म्हणून असणार.

रेवाकाठ: असणार म्हणजे आधार काय? दगडधोंड्यांत उगवतो, संपलं. आमच्या आजोळी कंबरमोडी म्हणतात. खोड भुईवर लोळतं आणि मध्येच वाकून मान वर काढतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली 'प्रोकंबेन्स' म्हटलं, तेही भुईसरपट अशाच अर्थानं.

शुद्धमती: काही लिहा, 'परदेशी' तेवढं नको. आपली नावं असताना गुजरातीची उसनवारी कशाला?

दांडियाबाजार: ताई, झाड मूळचं अमेरिका खंडातलं. गुजरातीनं निदान खरं सांगितलंय, आपण बारसं करून पचवून टाकलं.

मकरपुरा: उत्तरायणात मांज्यानं बोट चिरलं की आम्ही गच्चीवरून खाली धावायचो. पाला तळहातावर चुरगळायचा, हिरवा रस जखमेवर पिळायचा. असा झोंबायचा की बास! आई खालून ओरडायची, "कुठं वागलं रे?"

शुद्धमती: वागलं?? माणूस वागतो. बोटाला लागतं.

मकरपुरा: आमच्या घरात आजीपासून वागतंय.

परिचारिका: मध्येच बोलते. उंदरांवरच्या प्रयोगांत या पाल्यानं जखम लवकर भरल्याचं दिसलंय, पण रस्त्याकडेचा पाला म्हणजे सोबत मातीही आली. खरचटलं तर आधी स्वच्छ पाण्यानं धुवा. खोल जखम किंवा गंजका खिळा असेल तर पाला राहू दे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

वाडीकर: धन्यवाद, पण पाटी उद्या रंगवायचीय हो! एकदांडी की दगडीपाला?

रेवाकाठ: कंबरमोडी. आणि 'वागलं' हे गुजराती 'वाग्युं'. त्यांच्याकडे घंटही वागतो आणि गुडघ्यालाही वागतं. आपलं 'वाजणं' त्याच घरचं.

शुद्धमती: मग तुमच्या बडोद्यात शाळेची घंटा वाजते की वागते?

मकरपुरा: घंटा वाजते. मास्तरांची छडी वागते.