करोडगिरी नाक्यावरच्या कारकुनाची गोष्ट: रोलप्ले करावा की कादंबरी लिहावी?

तेरणाकाठ (धाराशिव):
सविनय नमस्कार. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षात घडणारे एक कथानक माझ्या मनात बऱ्याच काळापासून घोळत आहे. पलीकडे मुंबई प्रांतातील बार्शी, अलीकडे निजामाचा उस्मानाबाद जिल्हा, आणि मधल्या करोडगिरी नाक्यावर नेमलेला एक कारकून, जो दिवसा मालावर जकात वसूल करतो आणि रात्री सरहद्द ओलांडणाऱ्यांकडे काणाडोळा करतो. तो हे कोणासाठी करतो, ते घरच्यांनाही ठाऊक नाही. माझे मित्र म्हणतात की याचा व्हॉट्सॲपवर रोलप्ले करू. एकाने पटवारी व्हावे, एकाने रझाकारांत (निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र दलात) गेलेला तरुण, एकाने देशमुखांची सून, कारकून माझ्याकडे, आणि प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वतीने आळीपाळीने लिहावे. मला मात्र कादंबरीच डोळ्यांपुढे दिसते. एकट्याने लिहायला बसलो तर ती अर्धवट राहील अशी धास्ती वाटते, आणि मित्रांत वाटली तर ती माझी राहणार नाही अशीही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मांजरातीर (लातूर):
आपण कादंबरीच लिहावी असे माझे स्पष्ट मत आहे. या गोष्टीचा शेवट वाचकाला आधीच माहीत आहे: १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यामुळे पुढे काय होणार यापेक्षा कारकुनाला काय ठाऊक होते आणि ते त्याने कधीपासून लपवले, यातच सगळी गोडी आहे. रोलप्लेमध्ये मात्र प्रत्येक मजकूर पुढच्या माणसाला काहीतरी करायला जागा ठेवून संपवावा लागतो. समोरचे पात्र प्रश्न विचारते, उत्तर द्यावेच लागते, आणि कादंबरीत दोनशे पाने जपता आले असते ते गुपित पहिल्या आठवड्यातच फुटते.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे याच लष्करी कारवाईनंतर, मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर जे सूडाचे प्रकार झाले, त्यांच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. आपली कथा १७ सप्टेंबरला झेंडा फडकवून थांबणार नसेल, तर शेजाऱ्याचे घर लुटणारा माणूस कोणाला तरी लिहावा लागेल. रोलप्लेमध्ये प्रत्येक जण आपल्या पात्राला जीव लावतो आणि नकळत त्याचे हात स्वच्छ ठेवतो. पटवाऱ्याने त्या घरातले धान्य उचलले, असे त्याच्या संमतीशिवाय आपण लिहू शकणार नाही. कादंबरीकाराला ती परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही.

गोदाकाठ (नांदेड):
वरील मत बहुतांशी मान्य आहे. पण रोलप्लेत गुपित राखताच येत नाही, हे पटत नाही. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून अशा बैठ्या खेळांत एक सूत्रधार असतो, आणि जे इतरांना कळू नये ते तो स्वतःपाशी ठेवतो. शिवाय रझाकारांत गेलेल्या तरुणाला आपण एकट्याने लिहिले तर तो केवळ खलपुरुष होण्याचा धोका आहे. दुसऱ्या कोणी तो मनापासून लिहिला, तर त्याच्या तोंडी दखनी येईल, घरची ओढाताण येईल, आणि आपल्याला सुचली नसती अशी कारणेही येतील. म्हणून केवळ १९४७ च्या दिवाळीपर्यंतचे गाव रोलप्लेत खेळून पाहावे, आणि कारकुनाला त्यातून पूर्णपणे बाहेर ठेवावे.

एक सूचना: तपशील खेळातच पक्के होऊ देऊ नयेत. संस्थानात हाली सिक्का, म्हणजे निजामाचे स्वतःचे चलन चाले, सहा कलदार (ब्रिटिश) रुपयांना साधारण सात हाली, आणि सरकारी कागदावर फसली साल, म्हणजे महसुली कालगणनेचे वर्ष असे. सप्टेंबर १९४८ म्हणजे १३५७ फसली. एकाने चुकीचे लिहिले आणि इतरांनी त्यावर मजले चढवले की मागे फिरणे कठीण जाते.

दुधनाकाठ (परभणी):
एक कायदेशीर बाब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, ते लिहिलेल्या शब्दांना आहे. मित्राने लिहिलेला संवाद त्याच्या मालकीचा राहतो. कोणाचा भाग कोणता हे वेगळे काढता येत नसेल, तर कृती संयुक्त ठरते आणि तिचा हक्क शेवटच्या लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. यातील काही कादंबरीत घेणार असाल, तर खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्वांची सही असलेला कागद करून घ्यावा. छापण्याच्या वेळी तो मागायला गेलात तर मैत्रीत वितुष्ट येते.

तेरणाकाठ (धाराशिव):
सर्वांचे आभार. कारकून माझ्याकडेच राहील आणि कादंबरीतच येईल. दिवाळीपर्यंतचे गाव मित्रांसोबत खेळून पाहतो. सूत्रधार मी होणार नाही, कारण मला शेवट ठाऊक आहे आणि मी नकळत सर्वांना तिकडे ढकलीन. सहीच्या कागदाचा मसुदा कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावा. लुटीचा प्रसंग कारकुनाच्या नजरेतून लिहावा की पटवाऱ्याच्या, हे अजून ठरलेले नाही.

मांजरातीर (लातूर):
पटवाऱ्याच्या. कोणाचे घर किती खणांचे आणि कोणाच्या कणगीत किती ज्वारी, हे त्यालाच ठाऊक असणार.