निर्मलादीदींची लाहोरची बस: अशा प्रयत्नांचा खरंच उपयोग होतो का?

वैनगंगा
निर्मला देशपांडे मूळच्या नागपूरच्या. विनोबांच्या भूदान यात्रेत पायी देश पालथा घातलेली बाई. मार्च २००० मध्ये त्या बायकांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. काळ कोणता होता ते आठवा. कारगिलला वर्षही झालं नव्हतं, ऑक्टोबरात मुशर्रफ यांनी सत्ता बळकावली होती आणि डिसेंबरात आपलं विमान कंदहारला नेलं होतं. त्यानंतर तिकडून मानवाधिकारांसाठी लढणाऱ्या वकील अस्मा जहांगीर पाकिस्तानी बायकांना घेऊन दिल्लीत आल्या. या सगळ्याला 'मेणबत्तीवाले' म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. सरकारं अबोला धरतात तेव्हा कुणीतरी बोलतं राहायला हवं. तुमचं मत काय?

सह्यकडा
दीदींबद्दल आदर आहे, पण मत साफ विरोधात आहे. बस गेली, त्यानंतर काय झालं? २००१ ला संसद, २००८ ला मुंबई, २०१९ ला पुलवामा, २०२५ ला पहलगाम. माझा मावसभाऊ कारगिलच्या वेळी द्रासला होता. मावशीने ते दोन महिने कसे काढले ते मी पाहिलंय. लाहोरला ज्यांच्याशी गळाभेट होते त्यांच्या हातात काहीच नसतं. निर्णय रावळपिंडीत, लष्कराच्या मुख्यालयात होतात. अस्मा जहांगीर यांना मुशर्रफ यांच्या २००७ च्या आणीबाणीत त्यांच्याच घरात डांबलं. ज्यांना स्वतःच्या दाराबाहेर पडता येत नाही, त्या घुसखोरी काय थांबवणार? आणि अशा भेटींमुळे आपल्याकडचे लोक गाफील होतात, हे नुकसान वेगळंच.

वैनगंगा
लष्कराला त्या जड जात होत्या म्हणूनच डांबलं ना? लाहोरच्या या बायकांना भाबड्या समजू नका. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या राजवटीत, आर्थिक व्यवहारात दोन बायकांची साक्ष एका पुरुषाइतकी धरायचा कायदा येत होता, तेव्हा १२ फेब्रुवारी १९८३ ला त्या रस्त्यावर उतरल्या. लाठ्या खाल्ल्या, अश्रुधूर सोसला. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने बंगाली स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्याबद्दल तिथल्या विमेन्स ॲक्शन फोरम या स्त्रियांच्या संघटनेने १९९६ मध्ये बांगलादेशी स्त्रियांची माफी मागितली. त्यांच्या सरकारने अजून रीतसर मागितलेली नाही. स्वतःच्याच लष्कराला तोंडावर दोष देणाऱ्या या बायकांशीही बोलायचं नाही, तर मग बोलायचं कुणाशी?

चिंचणी_किनारा
मी पालघरकडचा. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने घरात येतो. डहाणू-तलासरीची पोरं उचल घेऊन ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छच्या टोकाला सर क्रीक या खाडीजवळ समुद्रातली हद्द ठरलेलीच नाही. पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने बोट धरली की सगळे कराचीच्या मलीर तुरुंगात. शिक्षा बहुतेक वेळा काही महिन्यांची, पण ती संपली तरी सुटका नाही, कारण राष्ट्रीयत्वाची खातरजमा रखडलेली. दोन्ही देशांच्या २००८ च्या करारात शिक्षा संपून ओळख पटल्यावर एका महिन्यात परत पाठवायचं असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं जातात. अडकलेल्या खलाशाच्या घरी तेवढा काळ ना पगार, ना निरोप.

सुटतात तेव्हा प्रवास कसा होतो तेही ऐका. पकडले समुद्रात, पण परत यायचं ते कराचीहून रेल्वेने लाहोर, मग वाघा आणि तिथून पंजाब ओलांडून खाली किनाऱ्यापर्यंत. लाहोरपर्यंतचा खर्च कितीदा तरी कराचीच्या एधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने उचललाय. तिथले वकील, इथले कार्यकर्ते पाठपुरावा करत राहतात. पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम हे दोन्हीकडच्या सामान्य नागरिकांचं व्यासपीठ १९९४ पासून आहे, ओळखी अशाच जमल्या. दहशतवाद थांबला का, एवढंच विचारणार असाल तर ही माणसं तुमच्या हिशेबात येणारच नाहीत.

सह्यकडा
खलाशांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ते माझ्याच बाजूने जातं. करार दोन सरकारांनी केला. दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या सरकारंच देतात, अगदी मे २०२५ च्या संघर्षानंतरच्या जुलैतही दिल्या. त्यासाठी बस लागली नाही.

चिंचणी_किनारा
यादी दिली म्हणजे माणूस घरी आला असं होत नाही भाऊ. यादीतल्या नावापुढे गाव चुकलेलं असतं, बापाचं नाव भलतंच लागलेलं असतं. ते दुरुस्त व्हावं म्हणून त्याची बायको कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते आणि पलीकडे कुणीतरी तुरुंगात जाऊन त्याला गाठतं. हा पलीकडचा माणूस सरकारी यादीत सापडत नाही.

सह्यकडा
मग त्या कामासाठी वकिलांना व्हिसा द्या, माझा विरोध नाही. शांतियात्रांना मात्र आहे, आणि पहलगामनंतर तर जास्तच.

वैनगंगा
पण या वकिलांची एकमेकांशी ओळख कुठे झाली? अशाच यात्रांत आणि परिषदांत. आता अटारीची सीमा बंद, व्हिसा बंद. दीदी २००८ मध्ये वारल्या. त्यांच्यासारखं दोन्हीकडे वजन असलेलं माणूस आज मला दिसत नाही, आणि नव्या पोरींना तिकडची एकही मैत्रीण नाही. पुढच्या वेळी खलाशाची बायको दारात आली तर आपण फोन कुणाला लावणार?