मदत हवी आहे: भाऊ गोकाकच्या कड्यावरून एकटाच बेस जंप करायचं म्हणतोय

आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला असतो. विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायला तिथंच शिकला आणि गेल्या वर्षी आयडाहोतल्या पेरीन पुलावर बेस जंपिंगचा, म्हणजे पूल, कडा असल्या उंच जागेवरून पॅराशूट घेऊन उडी मारायचा, पहिला कोर्सही केला. सध्या सुट्टीवर आलाय, सोबत पॅराशूटची बॅग. आईला वाटतंय त्यात लॅपटॉप आहे, वाटू दे.

परवा गोकाकला गेलो. लोक धबधब्यासोबत फोटो काढत होते आणि हा पठ्ठ्या खाली कोणी नाही बघून कड्यावरून दगड सोडत, सेकंद मोजत बसला. चार म्हणायच्या आत दगड खाली. तरी म्हणतो, "होतंय की अक्का. तू नुसतं खाली उभार आणि व्हिडिओ काढ."

उडी मारू नको म्हटलं तर तो ऐकणार नाही, ते मला माहीत आहे. पण एकट्यानं? पेरीनवर त्याचा गुरू दर वेळी शेजारी असायचा. वारा बघायचा, पॅकिंग तपासायचा. एकदा पुलावर चढल्यावर "आज नाही" म्हणून त्याला परत पाठवलं होतं, ते यानंच हसत हसत सांगितलंय. गोकाकला "आज नाही" कोण म्हणणार?

मी वाचलंय त्यावरून, पेरीन पूल 148 मीटर उंच, खाली नदी, मागं भिंत नाही. पॅराशूट उघडताना उलटं फिरलं तरी माणूस पुलाखालून पलीकडं निघून जातो. गोकाक 52 मीटर, त्यात कडा घोड्याच्या नालासारखा. उलटं फिरलं की थेट कातळ. राखीव पॅराशूट या खेळात ठेवतच नाहीत, उघडायला वेळच नसतो. बेळगावचं मोठं हॉस्पिटल साठेक किलोमीटरवर.

कड्यावरून उड्या मारलेलं कोणी बेळगाव, कोल्हापूर, गोव्याकडं आहे का, जे याच्यासोबत उभं राहील? आणि खाली उभं राहणाऱ्यानं व्हिडिओशिवाय नेमकं काय करायचं असतं?

प्रतिसाद 1
ताई, मी विमानातल्या उड्यांवाला, बेसचा नाही, त्यामुळं सोबत येतो म्हणणार नाही. पण एवढ्या कमी उंचीवर बहुतेक जण हवेत पडत राहून पॅराशूट उघडत नाहीत. एक तर पॅराशूट ओढून उघडणारी दोरी कड्याला बांधतात, नाहीतर मागचा माणूस पायलट शूट, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, हातात धरून ठेवतो. ते धरायलाही शिकावं लागतं. तो "अक्का, जरा धर" म्हणाला तर साफ नाही म्हणा. पाणी जोरात असताना धबधब्याशेजारची हवा खाली ओढते, कापडही भिजतं. खाली उभं राहणाऱ्याचं काम म्हणजे उतरायच्या जागेचा वारा वर कळवणं, आणि काही झालंच तर कुठून पोचायचं ते आधी पायी फिरून बघून ठेवणं. भावाला एकच विचारा: गुरूला गोकाकचे फोटो पाठवलेस का?

प्रतिसाद 2 (धागाकर्ती)
विचारलं. आधी विषय बदलला, मग म्हणाला, "तो नको म्हणेल." नंबर घेतलाय, रात्री मीच फोटो आणि व्हिडिओ पाठवते. खाली सगळे धोंडे आहेत, सपाट जागा मला तरी दिसली नाही, तेही लिहिते. अजून काय काय लिहू?