मदत हवी: ओपन सिटीज मॉड टाकल्यावर व्हाइटरन अर्धवट दिसून राहिलं

भाऊ, नागपूरहून लिहितो, दोन रात्री डोकं लावून बसलोय पण काही जमून नाही राहिलं. गेम स्कायरिम स्पेशल एडिशन, पीसीवर. ओपन सिटीज हा मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोड, बंद शहरं मोठ्या नकाशात आणतो.

मूळ गेममध्ये व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन, मार्कार्थ ही तटबंदीची पाचही शहरं मोठ्या नकाशात नसतातच, प्रत्येकाचं वर्ल्डस्पेस (स्वतःचा नकाशा) वेगळं, गेटवर क्लिक केलं की लोडिंग, आणि बाहेरून दिसते ते नुसतं कमी डिटेलचं कवच. २०११ मध्ये पीएस३ अन् एक्सबॉक्स ३६० ला मेमरीच ५१२ एमबी, तेव्हाचं समजू शकतो. पण मी याच मालिकेतला जुना मॉरोविंड खेळलोय, तिथं बाल्मोरा शहरात सरळ चालत शिरता येते. आपण गांधी गेटातून महालात जातो तेव्हा मधात कुठं थांबतो का, तसंच व्हाइटरनमध्ये पाहिजे होतं म्हणून ओपन सिटीज टाकला. पहिल्यांदा घोड्यावरून थेट बाजारात गेलो तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

आता प्रॉब्लेम असा की शहरं सजवणाऱ्या जेकेज स्कायरिम या दुसऱ्या मॉडची दुकानं, झाडं सगळी गायब, तटाबाहेर एका ठिकाणी जमीन फाटल्यासारखी दिसते अन् खालचं आरपार दिसते, आणि दुरून पाहिलं तर शहर दोनदा चमकते. सेव्ह १२० तासांची आहे, लहान भाऊ अन् मी मिळून खेळलेली, ती सोडायची नाही. काहून होत असेल हे?

उत्तर

तिन्हीची कारणं वेगळी आहेत दादा. जेकेज सामान ठेवतो जुन्या बंद व्हाइटरनमध्ये, आणि तुम्ही आता फिरताय मोठ्या नकाशात, म्हणून ते दिसणारच नाही, दोघांना जुळवणारा पॅच (छोटी जोड-फाइल) लागतो. जमिनीचं म्हणाल तर एका सेलची (नकाशाच्या चौकोनी तुकड्याची) उंची दोन मॉडनी बदलली की लोड ऑर्डरमध्ये (मॉड लोड व्हायच्या क्रमात) जो शेवटी त्याचीच चालते, शेजारचा सेल मात्र दुसऱ्याच्या उंचीवर राहतो, तिथं फट पडते. एसएसईएडिट या मॉड तपासायच्या टूलमध्ये तो सेल उघडून लँड रेकॉर्ड (जमिनीची नोंद) बघा, कोण भांडतंय लगेच कळेल. ओपन सिटीज यादीत एकदम खाली ठेवा, त्याच्याखाली फक्त त्याचे पॅच. आणि चमकणं म्हणजे जुना एलओडी, दुरून दिसणारं कमी डिटेलचं रूप. तुमच्याभोवतीचे ५ बाय ५ सेलच पूर्ण लोड होतात, पलीकडचं सगळं आधी बनवलेलं चित्र असतं, ते डिनडोलॉड या टूलने नव्याने बनवा, जुनं आउटपुट आधी काढून. मॉड टाकायच्या आधीची सेव्ह आहे का? असेल तर तीच घ्या, रिव्हरवुडच्या खानावळीत जाऊन सेव्ह करा, मग टाका. आत्ताच्या सेव्हमधून मॉड काढू नका, ती बिघडेल.

धागाकर्ता

आधीची सेव्ह सापडली भाऊ, फक्त ४ तास मागची! फट एका रस्त्याच्या मॉडमुळे होती, त्याचा पॅच मिळाला. दुकानं आली परत. एलओडी बनून राहिलाय, झाला की सांगतो.