रोलिंग मिलच्या फिरत्या पाण्यावर कॅमेरा बसवावा का?

स्केलपिट_जालना: जालन्यातल्या री-रोलिंग मिलमध्ये (तापवलेलं पोलाद लाटून सळ्या काढणाऱ्या) थंड करायचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात, मराठवाड्यात ते सोडून देणं कुणाला परवडतंय? पाणी फवारणारे नोझल तुंबतात ते मिल स्केलनं (तापलेल्या पोलादावरून सुटणाऱ्या ऑक्साइडच्या खपल्या) आणि तेलानं. टर्बिडिटी मीटर, म्हणजे पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्र, दोन्हींचा मिळून एकच आकडा देतो. शिवाय हा मीटर 90 अंशात विखुरलेला प्रकाश मोजतो, आणि त्यात बारीक कणांचाच जोर असतो. काळी जाड खपली प्रकाश शोषते, त्यामुळे नोझल बुजवणारा माल आकड्यात फारसा दिसतच नाही. माझं मत: फ्लो-सेल (पाणी वाहतं ठेवणारी काचेची पातळ फट), मागून एलईडी, पुढून कॅमेरा. खपली काळी, कोनदार. बुडबुड्याची कड जाड काळी, तेलाच्या थेंबाची बारीक आणि मध्ये उजळ. स्केल वाढलं तर बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहानं धुणं), तेल वाढलं तर स्किमर (वरचं तेल काढणारं यंत्र).

शेंद्रा_यूटिलिटी: गणित करा दादा. 2 बाय 2 मिमीची चौकट, सेल 0.1 मिमी खोल: एका फोटोत 0.4 मायक्रोलिटर. सेकंदाला 20 फोटो धरले तरी मिनिटाला अर्धा मिलीसुद्धा भरत नाही. पाईपातून तासाला 50 घनमीटर जात असेल, तर सतरा लाखांतला एक भाग बघून ठरवायचं? शिवाय त्या फटीत खपली अडकणारच. अडकू नये म्हणून आधी जाळी लावली, की जे शोधायचं तेच गाळलं!

स्केलपिट_जालना: इतका बारीक सेल घ्यायचाच कशाला? 1 मिमी खोल, टेलिसेंट्रिक लेन्स (कण जवळ असो की लांब, आकार तेवढाच दाखवणारी), चौकट 10 बाय 8: एका फोटोत 80 मायक्रोलिटर. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, एक्सपोजर 10 मायक्रोसेकंद, म्हणजे कण 5 मायक्रॉनच सरकतो.

शेंद्रा_यूटिलिटी: आणि पिक्सेलही 5 मायक्रॉनचा. आकार ओळखायला चार-पाच पिक्सेल लागतात, म्हणजे 20 मायक्रॉनखालचं इमल्शन झालेलं (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं) तेल सुटलं. त्याला अतिनील फ्लुओरेसन्सच: 254 नॅनोमीटरचा प्रकाश टाका, तेल उलट सोडतं तो 360 च्या आसपासचा मोजा. तेलात असं चमकणारे अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनसारख्या कड्यांचे) घटक नसतील तर तेही आंधळं, हे मान्य.

उभा_पाईप: भांडण कॅमेऱ्याचं, बिघाड मात्र सॅम्पलच्या नळीत. आडव्या पाईपाला वरून टॅपिंग (सॅम्पल काढायचं तोंड) घेतलं तर हवा येते, खालून घेतलं तर गाळ. उभ्या, वर चढणाऱ्या पाईपातून घ्या. स्केल पाण्याच्या पाचपट जड, लांब आडव्या नळीत बसतंच. प्रवाह आवळायचा व्हॉल्व सेलच्या पुढे बसवा. आधी बसवला तर दाब पडून विरघळलेली हवा सुटते आणि फोटोत नुसते बुडबुडे. प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसणारा ठिपका म्हणजे काचेवरचा डाग, तो मोजणीतून वजा करा. तांबूस थर सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडनं निघतो.

शेंद्रा_यूटिलिटी: काच पुसायला माणूस लागणारच, तर त्यानं स्ट्रेनरच्या (पाईपातल्या गाळणीच्या जाळीच्या) दोन्ही बाजूंचा दाब बघावा. दोन गेज, खर्च नगण्य.

स्केलपिट_जालना: दाबाचा फरक वाढतो तोवर जाळी भरलेली असते, आणि भरली कशानं हे गेज सांगत नाही.