ट्रॅकिंग कुकीला स्पायवेअर म्हणायचं का?

निळीशाई (धागाकर्ता)
घरच्या कॉम्प्युटरवर एखादं फुकटचं अँटी-स्पायवेअर चालवलं की लाल अक्षरांत धोक्यांची भलीमोठी यादी येते. ती एकदा नीट वाचा. बहुतेक ओळींत कुठल्या तरी जाहिरात कंपनीच्या सर्व्हरचं नाव आणि पुढे 'ट्रॅकिंग कुकी' एवढंच असतं. कुकी म्हणजे ब्राउझरने साठवलेला छोटा मजकूर: एक नाव, एक लांबलचक क्रमांक, मुदतीची तारीख. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मोंटुली यांनी ती आणली, ती साइटला आपली ओळख राहावी म्हणून. कुकी आपल्या फाइली उघडत नाही, कीबोर्डवर काय टाइप केलं ते टिपत नाही. स्पायवेअर हेच करतं.

दोन्ही एकाच यादीत घालणं चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. माणूस 'सगळं काढा' दाबतो, यादी रिकामी होते, तो निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी चार साइट उघडल्या की त्याच कुकी हजर. आणि फुकटच्या कन्व्हर्टरबरोबर शिरलेला, होमपेज बदलणारा टूलबार त्या गर्दीत नजरेतूनच सुटतो.

रानवाट
साफ असहमत. पानावरची जाहिरातीची चौकट भलत्याच सर्व्हरवरून येते आणि तो सर्व्हर आपली कुकी ठेवून जातो. त्याच्या चौकटी असंख्य साइटवर असतात, त्यामुळे तोच क्रमांक सगळीकडे ओळखला जातो. सकाळी मी एका आजाराबद्दल वाचते आणि संध्याकाळी पाककृतीच्या पानावर त्याच आजारावरच्या औषधाची जाहिरात येते. ज्या कंपनीचं नावही मला ठाऊक नाही, तिला माझ्या घरातलं दुखणं कळतं. याला हेरगिरी नाही तर काय म्हणायचं? सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे अशा भलत्याच सर्व्हरच्या कुकी, सरसकट अडवल्या, त्या उगाच नाही.

उंबरठा
जाहिराती आहेत म्हणून साइट फुकट वाचता येतात, हेही लक्षात घ्या. शिवाय सरसकट कुकी पुसल्या की सगळीकडून लॉगआउट.

निळीशाई
@रानवाट, तुमचा राग रास्त आहे, पण सफारीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो बंदोबस्त ब्राउझरने केला, स्कॅनरने नाही. फायरफॉक्सही २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या ठेवतो. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून थर्ड-पार्टी कुकी हटवण्याची घोषणा केली आणि जुलै २०२४ मध्ये माघार घेतली, तेव्हा क्रोमवाल्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन त्या स्वतः बंद कराव्यात. यात लॉगआउट होत नाही, @उंबरठा. काही साइटवर एखादी सोय अडते, तेवढ्या साइटला सूट द्या.

काजळरेघ
कुकी निरुपद्रवी असं घरच्यांना सांगू नका, एवढंच माझं म्हणणं. लॉगिन केल्यावर साइट एक कुकी देते. ती आहे तोवर पुन्हा पासवर्ड विचारत नाही. हल्लीची बरीच चोरटी सॉफ्टवेअर नेमकी तीच पळवतात. पलीकडच्या माणसाला मग अनेकदा ना पासवर्ड लागतो ना ओटीपी, कारण साइटच्या लेखी लॉगिन झालेलंच असतं. क्रॅक केलेल्या गेम आणि सॉफ्टवेअरमधून हे घरात येतं. असा संशय आला तर दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला आणि 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात.

रानवाट
@काजळरेघ, हे पटलं. पण @निळीशाई, सेटिंग बदलून भागत नाही. स्क्रीनचा आकार, फॉण्ट, टाइमझोन यांवरूनही ब्राउझर ओळखता येतो. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने २०१० मध्येच पॅनॉप्टिक्लिक या ब्राउझर तपासणाऱ्या साइटमधून ते दाखवलं होतं. ती खूण पुसायला आपल्याकडे फाइलसुद्धा नसते. म्हणून लाल यादी मला हवीच. निदान कोण मागावर आहे, त्यांची नावं तरी दिसतात.

निळीशाई
नावं दिसू देत, पण वेगळ्या रकान्यात. आणि आज एक काम कराच: ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, उघडा. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी कुणाकुणाकडे आहे ते बघा, आणि जे ओळखू येत नाही ते काढून टाका.